श्रावणातली लाल बिअर

ओमानमध्ये अकरा वर्षं मी पाणी चाखून पोट भरलं. हे वाक्य कुठेही बोललं की लोक हसतात, म्हणून आधीच खुलासा करतो. बरका गावाच्या बाहेर पिण्याचं पाणी बाटल्यांत भरणारा एक कारखाना होता आणि त्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होतो. यंत्रांनी पास केलेलं पाणी शेवटी माणसाच्या जिभेनेही पास करायचं, असा तिथला नियम. ती जीभ माझी. सकाळी आठला, न्याहारीच्या आधी, प्रत्येक लाइनच्या कोमट पाण्याचा एकेक घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि फॉर्मवर खूण करायची. रकाने तीनच होते: ‘चव नाही’, ‘किंचित चव’ आणि ‘नाकारा’.

ज्या पाण्याबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही, ते उत्तम पाणी. इतकी वर्षं अशी काढल्यावर माणसाचा स्वभावच तसा होतो. बायकोने मन लावून केलेली आमटी भुरकून मी म्हणायचो, ‘काही दोष नाही.’ माझ्या दृष्टीने ही सर्वोच्च पदवी होती. तिच्या दृष्टीने काय होती ते ती भांडी आपटून सांगायची. अल् घुब्राच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भांड्यांचा आवाज चांगला घुमायचा.

कारखान्यात नवी यंत्रं बसवायला कॅनडाचे एक वयस्कर इंजिनियर आले होते. उंच, जरा पोक काढून चालणारे, कमी बोलणारे. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणायचो. एकदा मी तीन नंबरच्या लाइनला ‘किंचित चव, रबराची’ असा शेरा मारला. यंत्रं म्हणत होती सगळं ठीक आहे. साहेबांनी लाइन उघडायला लावली, तर आत एक वॉशर विरघळत होता. त्या दिवसापासून साहेब येताजाता माझ्या टेबलाशी थांबू लागले. मला ते फार आवडायचं, हे कबूल करतो.

त्या वर्षी रमजान आणि श्रावण जवळजवळ एकाच दिवशी सुरू झाले. लॅबमधल्या बाकी तिघांचे रोजे होते, त्यामुळे त्यांच्यासमोर पाणी तोंडात घेणं बरं दिसेना. मी दार लावून आत एकटाच चाखत बसायचो. घरी माझा श्रावण. कांदा-लसूण बंद, मासे बंद, आणि एरवी महिन्यातून दोनदा घ्यायचो ती बिअरही बंद. लहानपणापासून मी एकही श्रावण मोडला नव्हता. देवाधर्माचं मला फार कळत नाही, पण आपण मोडला नाही याचा तोरा मात्र होता.

अशाच एका दुपारी साहेब आत आले आणि मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. दार लावून त्यांनी कपाटातून लोकरीचे दोन मोजे काढले. प्रत्येक मोज्यात एकेक तपकिरी बाटली.

‘माझ्या मुलाने बनवली आहे,’ ते म्हणाले. (बोलायचे अर्थात इंग्रजीत, मी मराठीत सांगतो आहे.) ‘आयरिश पद्धतीची लाल बिअर. जरा जास्तच कडक. आठ टक्के.’

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मुलगाही इंजिनियर. चांगली नोकरी सोडून त्याने कॅनडातल्या एका लहान गावात बिअर बनवायचा छोटा कारखाना काढला. पहिली बिअर तयार झाली तेव्हा गावातल्या लोकांना बोलावलं, वडिलांच्या हातात पहिला ग्लास दिला. साहेबांनी घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘यापेक्षा भांडी धुतलेलं पाणी बरं.’ त्यानंतर दोन वर्षं मुलगा बोलला नव्हता. आता सुट्टीवरून परतलेल्या एका सहकाऱ्याबरोबर त्याने या दोन बाटल्या पाठवल्या होत्या. सोबत एक चिठ्ठी. तिच्यात एवढंच: ‘पिऊन झाल्यावर फोन कर.’

‘मग प्या की!’ मी म्हणालो.

साहेबांनी खिशातून गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. यकृताचं दुखणं निघालं होतं. सहा महिन्यांपासून दारूचा थेंबही बंद. मुलाला काही माहीत नव्हतं.

‘आजारपण सांगून त्याची माफी मिळवायची नाही मला,’ ते म्हणाले. ‘तू पी. कशी लागली ते लिहून दे. मी फोनवर तेच बोलेन. पण खरं लिही. खोटी स्तुती तो पहिल्या वाक्यात ओळखतो. दोन वर्षांनी एकदाच दार किलकिलं केलंय त्याने.’

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, ‘साहेब, माझा श्रावण आहे.’ पण ते पुढे म्हणाले, ‘या देशात माझा विश्वास असलेली एकच जीभ आहे,’ आणि मी फुगलो. ‘होऊन जाईल, इन्शाल्ला,’ मी म्हणालो. वर रुबाबात हेही सांगितलं, की चाखायला एकांत लागतो, तेव्हा एक बाटली मी घरी नेतो.

पाण्याचे नमुने न्यायच्या बर्फाच्या पेटीत बाटली ठेवली. वर ‘नमुना, उघडू नये’ अशी चिठ्ठी. कंपनीच्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसलो. आजूबाजूला दिवसभराचे उपाशी, तहानलेले लोक आणि माझ्या मांडीवर दारू! प्रत्येक वळणावर बाटली आत लवंडायची आणि मी पेटी आणखी घट्ट धरायचो. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, ‘क्या है भाई, दवा है?’ मी ‘पानी, पानी’ म्हणालो आणि घुब्रा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरी बायको देवापाशी जिवतीचा कागद लावत होती. श्रावणात शुक्रवारी मुलाबाळांसाठी जिवतीची पूजा करतात. ओमानला आल्यापासून तिने एकही शुक्रवार चुकवला नव्हता. मी पेटी उघडली.

‘अहो, श्रावण आहे!’

‘मी पिणार नाही. नुसता वास घेणार आहे.’

‘वासाला श्रावण नसतो वाटतं?’

शेवटी तिनेच तोड काढली. बाटली या घरात उघडायची नाही, वरच्या मजल्यावर न्यायची. वरच्या मजल्यावर देवगडकडचा एक एसी मेकॅनिक एकटा राहायचा. त्याला म्हटलं, श्रावण असेल ना तुझाही? तो म्हणाला, ‘आमचो श्रावण सोमवारापुरतो. आज वार खयचो?’

वार बुधवार होता. ठरलं असं, की तो पिणार, मी वास घेणार, आणि दोघांचं मिळून मी लिहिणार. साहेब माझ्या तोंडाने पिणार होते आणि मी याच्या. त्या वेळी मला यात काही गैर वाटलं नाही, उलट युक्ती फारच आवडली.

मी जाऊन वही घेऊन येईपर्यंत त्याने बाटली डीप फ्रीजरमध्ये टाकली होती. मला वास्तविक एवढं तरी कळायला हवं होतं, की गोठवलेल्या वस्तूला ना वास येतो ना चव. पण तो म्हणाला, ‘बिअर थंडच होई,’ आणि मी मान डोलावली. तासाभराने त्याने ती स्टीलच्या पेल्यात ओतली, वर बर्फाचे दोन खडे टाकले, बशीत शेंगदाणे घेतले आणि औषध घ्यावं तसा पेला तीन घोटांत रिकामा केला.

‘काय लागतं?’ मी पेन सरसावून विचारलं.

‘कडू आसा.’

‘आणखी?’

‘थंड आसा.’

‘अरे, चव सांग, चव!’

‘बिअरीची चव आसा. बरी आसा.’ त्याने उरलेली ओतली. ‘एवढी पितंय आणि नीट सांगतंय.’

उरलेली पिऊन त्याने सांगितलं, की गावी त्याच्या काकांची आंब्याची कलमं पन्नास आहेत आणि चुलतभाऊ वाटा देत नाही. मी रिकाम्या पेल्यात नाक खुपसलं. बर्फाच्या पाण्याला थोडासा भाजलेल्या धान्याचा वास येत होता, बाकी काही नाही.

एवढ्या भांडवलावर मी दीड पान लिहिलं. इंटरनेटवर वाइनची परीक्षणं वाचली. त्यात मखमल, चामडं, जंगल असं काय काय होतं, ते घेतलं. तरी काहीतरी कमी वाटत होतं. मेकॅनिक खांद्यावरून वाकून म्हणाला, ‘हापूस घाला. हापूस घातल्याबगर स्तुती पुरी होवची नाय.’ मला पटलं. आपल्याकडे कशाचीही याहून मोठी तारीफ नाही. मी लिहिलं, ‘शेवटी जिभेवर हापूस आंब्याची झाक रेंगाळते.’

इंग्रजी तपासायला मुलीला दिलं. ती नववीत होती. वाचून म्हणाली, ‘बाबा, बट बिअरमध्ये मँगो कसा येणार?’

‘तू फक्त स्पेलिंग बघ,’ मी म्हणालो.

सकाळी साहेबांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्याच दिवशी दुपारी, म्हणजे कॅनडात सकाळ असताना, ते फोन करणार होते. फोन झाल्यावर ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

‘त्याने सगळं ऐकून घेतलं,’ ते म्हणाले. ‘आंबा आला तेव्हा थांबवलं. म्हणाला, “आंबा? डॅड, बाटली उघडलीस तरी का? भांड्यांचं पाणी म्हणालास ते निदान खरं तरी होतं.” आणि ठेवला फोन.’

मी जे केलं होतं ते सगळं सांगून टाकलं. श्रावण, मेकॅनिक, फ्रीजर, हापूस. साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘मला सांगायचं होतंस. मी समजून घेतलं असतं.’ आणि गेले. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. ज्याची सगळी अब्रू खरं बोलणाऱ्या जिभेवर होती, त्याने ती जीभ न वापरताच निकाल दिला होता, आणि तोही एका बापाच्या तोंडून वदवला होता. त्या दुपारी चार नंबरच्या लाइनचं पाणी मी पुन्हा काढून तीन वेळा चाखलं, तरी खूण कुठे करायची ते कळेना.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं झालं, श्रावण तरी राहिला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दुसरी बाटली आहे ना?’

‘आहे. पण...’

‘उद्या शुक्रवार. मी पूजा कशासाठी करते? पोरं सुखात राहावीत म्हणूनच ना? मग त्यांचाही पोरगाच आहे तो. तुम्ही जा आणि नीट प्या. आल्यावर अंघोळ करा म्हणजे झालं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि “काही दोष नाही” असलं काही म्हणू नका हो तिथे.’

साहेबांना रात्रीच फोन करून विचारलं. ते म्हणाले, ‘चार वाजता ये.’

शुक्रवारी दुपारी मेकॅनिकने मला त्याच्या पिकअपमधून अल् हेलला साहेबांच्या घरी पोचवलं. पिऊन गाडी चालवायची नव्हती, आणि या भानगडीत त्याचाही वाटा होताच. ‘दुसरे बाटलेक माका बोलवणार नाय काय?’ असं त्याने दोनदा विचारून पाहिलं. मग फाटकाच्या आत गाडी घेऊन, एसी लावून तो गाडीतच बसला.

साहेबांनी बाटली फ्रिजबाहेर काढून ठेवली होती. मुलाने दोनदा फोन उचलला नाही. मग साहेबांनी निरोप पाठवला: ‘दुसरी बाटली उघडतोय. इथे एक माणूस आहे, तो आंबा म्हणणार नाही.’ पाच मिनिटांनी फोन वाजला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

‘कोण आहे?’ आवाज कोरडा होता.

‘माझा मित्र. पाणी चाखतो. तोच पितोय.’

‘बोलू दे त्याला.’

मी बिअर काचेच्या ग्लासात ओतली. कोरा चहा उजेडात धरल्यावर लाल दिसतो, तो तिचा रंग. फेस किंचित पिवळट. वास घेतला आणि दचकलोच. उन्हाळ्यात आई सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून द्यायची, थेट तो वास. बिअर सातूचीच, म्हणजे जवाचीच करतात, मोड आणून, भाजून, हे मला पुस्तकात माहीत होतं. नाकाला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा श्रावण मोडून मी घोट घेतला. आणि सवयीने थुंकायला बेसिन शोधू लागलो.

‘गिळायची असते,’ साहेब हळूच म्हणाले.

गिळली. मग जे लागलं ते सांगत गेलो. सुरुवातीला गूळ, पण कढईत लालभडक झालेला, अजून एक मिनिट ठेवला तर करपेल असा. मध्ये भाकरीचा करपलेला पापुद्रा, थोडे मनुके. शेवटी कडू आणि कोरडं, ते छान. गोडाला वेळेवर गप्प करतं. आणि छातीत ऊब. एवढ्यावर थांबलो असतो, पण अकरा वर्षांची खोड जाते कुठे.

‘दोष सांगू?’ मी विचारलं.

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

‘सांग,’ तो म्हणाला.

‘गोड जरा जास्त वेळ रेंगाळतं. आणि गिळताना दारू वेगळी पडते. आमटी पुरवायला वरून पाणी घातलं की कळतं ना, तशी.’

मग प्रश्न आले, एकामागून एक. दारू कुठे जाणवते? घशात की नाकात? ग्लास गरम झाल्यावर वाढते की कमी होते? मी घोट घेत उत्तरं देत होतो. त्याचा आवाज बदलला होता. तो लिहून घेत होता, कागदाची खसखस ऐकू येत होती.

‘आणि पाणी जड आहे तुझं,’ मी म्हणालो. ‘चुन्याचं. विहिरीचं का?’

‘नळाचं!’ तो जवळजवळ ओरडलाच. ‘आमचं पाणी फार हलकं आहे, म्हणून मी चुनखडी घालतो. दोन वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं हे!’

मी खुर्चीत ताठ बसलो. माझ्यासारखाच किरकिरा माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सापडला होता.

‘पुन्हा पिशील?’ त्याने विचारलं.

‘पिईन. श्रावण संपल्यावर.’

श्रावण काय ते सांगावं लागलं. एक महिना आम्ही दारू पीत नाही, मी तर श्रावणात आजवर कधीच प्यायलो नव्हतो, असं म्हणालो.

‘मग आज का प्यायलास?’

मी साहेबांकडे पाहिलं. उत्तर माझं नव्हतं. ते दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसले होते.

‘कारण मला पिता येत नाही,’ साहेब म्हणाले. ‘यकृत. सहा महिने झाले. थेंबही नाही.’

‘सहा महिने! आणि सांगितलं नाहीस?’

‘पिऊन झाल्यावर फोन कर, म्हणालास. मग फोन कसा करणार होतो?’

साहेबांनी चाचपडत स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. मी ग्लास घेऊन उंच कुंपणाआडच्या पुढच्या ओट्यावर गेलो. ऑगस्टचं ऊन फरशीवर तापत होतं; बिअर पाहता पाहता कोमट झाली आणि दारू खरंच जास्त वेगळी पडू लागली. गाडीतून मेकॅनिकने खुणेने ‘खलास?’ असं विचारलं. मी ‘अजून नाही’ अशी मान हलवली. आतून साहेबांचा आवाज मधूनमधून येत होता. मोठ्याने, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून ते काहीतरी सांगत होते.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. डोळे लाल होते. माझ्या शेजारी ओट्यावर बसले. हातात गोळ्यांची डबी होती, उघडी.

‘सगळ्या गोळ्यांची नावं लिहून घेतली त्याने,’ ते म्हणाले. ‘स्पेलिंग विचारून.’